बोटभर फट

मिस्त्रीने वादळासाठी केलेली पेटी इतकी भक्कम झाली होती, की घर उडालं तरी ही पेटी जागची हलणार नाही, असं तो येईल त्याला छाती फुगवून सांगत होता. वेळ आली की पेटी उचलून पळायचं असतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा उशीरच झाला.

त्याचं झालं असं. यंदा वादळं जोराची येणार, हे सगळीकडून कानावर पडत होतं. मिस्त्रीची बायको दवाखान्यात नर्स. तिथे सगळ्या कर्मचाऱ्यांना एक दिवस बसवून घरची तयारी कशी करायची ते शिकवलं. ती घरी आली ती एक धडधाकट पिशवी घेऊनच.

"ही भरून दारामागे टांगू या. टॉर्च, सेल, प्यायचं पाणी, आईंच्या गोळ्या, कागदपत्रं, शिट्टी. पाठीला अडकवली की निघालो."

"पिशवी?" मिस्त्री म्हणाला. "सुताराच्या घरात पिशवी?"

मग तो पेटीच्या मागे लागला. दिवसभर दुकानात लोकांची कामं करायची आणि संध्याकाळी पेटीची. खाचेत खाच बसवून सांधे, आत प्रत्येक वस्तूला मापाचा कप्पा, टॉर्चला टॉर्चच्या आकाराची खोबण, शिट्टीला शिट्टीची. पाणी शिरू नये म्हणून आतून बाहेरून लाखेचे हात. पेटी दुकानातून घरी आणायला हातगाडी लागली आणि बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर चढवायला शेजारचे दोन धट्टेकट्टे जावई लागले. त्यातल्या एकाने विचारलं, "आत काय भरलंय?" ती रिकामी होती, हे मिस्त्रीने सांगितलं नाही.

बायकोने पेटीकडे पाहिलं, झाकण उघडून पाहिलं, आणि म्हणाली, "सुरेख आहे. आता दुसरं. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी हेच सांगितलं, की पत्र्याच्या छपराखाली थांबायचं नाही. खालच्या मजल्यावर जायचं, मधल्या खोलीत, खिडक्यांपासून लांब."

इथे मिस्त्रीला एकदम पेटीच्या कडेला पॉलिश कमी पडल्याचं दिसलं. तो वाकून तिथे कापड घासत बसला.

कारण खालचा मजला दादाचा होता.

दादा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा थोरला भाऊ. वीज कंपनीत बिलाच्या खिडकीवर बसायचा. बापाने बांधलेलं घर, खाली दादा-वहिनी, वर पत्र्याचं छप्पर घालून मिस्त्री, त्याची बायको आणि आई. मधोमध आतला जिना. त्या जिन्यावरून पूर्वी दिवसभर ये-जा चालायची, इतकी की वरच्या तोंडाचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला होता. पुढे मिस्त्रीने दादाला एक कपाट करून दिलं. हौसेने दिलं, जीव ओतून दिलं, आणि पहिल्याच दमट हवेत त्याचं दार फुगलं आणि बसेना. लाकूड फुगतं, त्याला बोटभर जागा सोडावी लागते, हे काल दुकानात आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मिस्त्री दाराच्या नक्षीत रमला होता, विसरला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण एकदा दादाकडे पाहुणे बसले होते आणि कपाटाचं दार आपोआप उघडलं. दादा हसून म्हणाला, "घरचाच सुतार आहे. बाहेरचा असता तर पैसे कापले असते."

पाहुणे हसले. मिस्त्री तेव्हा नेमका तेच दार नीट करायला हत्यारं घेऊन आला होता. तोही हसला. हसत हसत वर गेला आणि पुन्हा खाली उतरला नाही. दोनच दिवसांत जिन्याच्या वरच्या तोंडाचं जुनं दार काढून त्याने तिथे आडव्या फळ्या सांधून एक अखंड भिंतच ठोकली. ठोकली म्हणायचं, पण खिळा एक नाही, सगळे स्क्रू. स्क्रूची डोकी दिसणं म्हणजे सुताराची लाज, म्हणून ती खोल बसवून वर भोकं बुजवायची लांबी भरली, घासली, रंग मिळवला, पॉलिश केलं. आणि एकदा तोंड पोळलेलं असल्याने खाली उंबऱ्यापाशी बोटभर फट मात्र आठवणीने सोडली. ही फळी कितीही पावसाळे फुगली तरी तिच्यात खोट निघाली नसती.

"कपाटाचं दार लागेना म्हणून जिन्याचं कायमचं लावलंत," बायको म्हणाली होती. मिस्त्रीला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

आईचे गुडघे गेलेले. आतल्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा होता, त्यावरून ती हळूहळू का होईना खाली-वर करायची. बाहेरचा लोखंडी जिना उभा आणि गोल वळणाचा, तिच्या आवाक्याबाहेरचा. फळी बसल्यापासून आई खाली गेली नव्हती. तिने भांडण केलं नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "माझी खुर्ची त्या फळीपाशी ठेव. तिथे वारा छान येतो."

मिस्त्रीला यात आपल्या फटीचं कौतुकच वाटलं. आई दुपारभर तिथे बसायची. आश्चर्य म्हणजे, घरात वर्तमानपत्र येत नसूनही तिला जगाची खबर असायची. कुठे पूल पडला, कुणाची बदली झाली, सगळं. बायको फोनवर वाचून दाखवत असेल, असं मिस्त्रीने धरून चाललं. अशा गोष्टी धरून चालण्यात तो वस्ताद होता.

तर प्रश्न असा होता की वादळ आलं तर आईला पत्र्याखालून खाली कसं न्यायचं. सरळ उत्तर पायाखालीच होतं. फळी काढायची आणि दादाला म्हणायचं, बाबा रे, तुझ्या घरातल्या मधल्या बोळात आम्हाला जागा दे. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला लागू नये म्हणून मिस्त्रीने जो खटाटोप केला, तेवढ्यात दुसऱ्याने दोन खोल्या बांधल्या असत्या.

त्याने आईसाठी उचलखुर्ची केली. पुढे दोन दांडे, मागे दोन दांडे, बसायला गादी, कमरेला पट्टा. एकाने पुढून धरायचं, एकाने मागून, आणि आईला अलगद लोखंडी जिन्याने उतरवून, रस्ता ओलांडून, समोरच्या शाळेत न्यायचं.

"वादळात?" बायको म्हणाली. "रस्ता ओलांडून?"

"शाळा पक्की आहे."

"आणि दादांचा बोळ कच्चा आहे?"

"त्यांनी बोलावलं तर जाऊ."

"तुम्ही विचाराल तर ते बोलावतील ना."

"आपण कशाला विचारायचं?" असं म्हणून मिस्त्रीने विषय संपवला. संपवला म्हणजे तो पेटीकडे वळला.

रविवारी सकाळी रंगीत तालीम झाली. मिस्त्री ताडमाड, बायको त्याच्या खांद्याला लागणारी. बायको खालून पुढे, मिस्त्री वरून मागे. उतारावर उंच माणूस वर आणि ठेंगणं माणूस खाली, म्हणजे खुर्ची पुढे अशी कलली की आई पट्ट्यात लोंबकळायला लागली. वळणावर दांडा कठड्यात अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. समोरच्या गच्च्यांवर माणसं जमली. कुणी तरी सूचनाही करायला लागलं.

"मला इथेच ठेवा," आई वरून म्हणाली. "इथून दिसतं छान."

तेवढ्यात खाली दादा आला. बरोबर वळणाच्या खाली उभा राहिला आणि हातात ओला टॉवेल घेऊन तो दोन्ही हात उंच करून वाळत घालू लागला. तिथे दोरी नव्हती. आई सुखरूप परत वर पोचेपर्यंत दादाचे हात तसेच वर होते.

"बघ, तमाशा बघायला आला," मिस्त्री धापा टाकत म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दांड्याचं माप घ्यायला लागला.

वादळ आलं ते ठरल्यापेक्षा लवकर. संध्याकाळी येणार म्हणत होते, दुपारीच आभाळ काळवंडलं आणि वारा सुटला. मिस्त्री दुकान बंद करून धावत घरी आला. बायको घरातच होती. आईला खुर्चीत बसवून पट्टा लावला. मिस्त्रीने शिट्टी वाजवली, कारण योजनेत शिट्टी होती. मग त्याने बाहेरचं दार उघडलं.

समोरच्या गॅरेजचा एक अख्खा पत्रा उडून लोखंडी जिन्याच्या वळणात अडकला होता आणि वाऱ्यावर तलवारीसारखा सपासप हलत होता. मिस्त्रीने दार लावलं. लावायला दोघांचा जोर लागला.

डोक्यावरचे पत्रे आता नुसते वाजत नव्हते, उचलले जात होते. वारा आत घुसायचा, छप्पर टचकन वर यायचं आणि धाडकन बसायचं. पत्रा धरणारा कुठला तरी एक आकडा सुटून जमिनीवर पडला. हे छप्पर जाणार, हे सुतार म्हणून त्याला त्या आवाजावरूनच कळलं, आणि आई त्याच्या खालीच बसली होती.

बायकोने फक्त फळीकडे पाहिलं.

मिस्त्रीने पेटीवर झडप घातली. दोर होता, मेणबत्त्या होत्या, डबे उघडायचं हत्यार होतं, जास्तीचे सेल होते, आपापल्या खोबणीत, मखमलीवर दागिने ठेवावेत तसे. स्क्रूड्रायव्हर नव्हता. सगळी हत्यारं दुकानात. गावातल्या कुठल्याही घरात शोधला असता तर निदान एक गंजका तरी सापडला असता. तो फक्त मिस्त्रीच्या घरात नव्हता.

बरं, असता तरी काय? तो फळीवर टॉर्च मारत, हात फिरवत सुटला. कुठे स्क्रू आहे ते त्यालाच कळेना. इतकं सफाईने काम केलं होतं त्या गाढवाने.

"हा इथे एक," आई मागून म्हणाली. तिने काठीने दाखवलं. "त्याच्या खाली दुसरा. त्या गाठीशेजारी तिसरा."

"तुला कसं दिसतं?"

"दुपारचं ऊन पडलं की सगळे डाग उठून दिसतात, बाळा. मी रोज तेच तर बघते."

एरवी या वाक्याने मिस्त्री आठवडाभर जेवला नसता. आत्ता तो डबे उघडायच्या हत्याराने लांबी खरवडायला लागला. स्क्रूचं डोकं उघडं पडलं, पण हत्याराचं टोक खाचेत बसेना. घसरलं, वाकलं, हाताला लागलं.

तेव्हा आई खुर्चीत पुढे वाकली आणि उंबऱ्याजवळच्या फटीकडे तोंड करून म्हणाली, "दादा, आहेस का रे?"

"आहे, आई," फळीच्या पलीकडून लगेच आवाज आला. "केव्हाचा उभा आहे."

मिस्त्री फटीकडे बघायला लागला. आई म्हणाली, "बघतोस काय असा? रोजचंच आहे हे. तू दुकानात गेलास की तो जेवायच्या सुट्टीत येऊन पायरीवर बसतो. पेपर सरकवतो, वाचून झाला की मी परत देते."

आईला फळीपाशी 'छान' येणाऱ्या वाऱ्याची दिशा आता त्याला नीट कळली.

"याच्याकडे स्क्रूड्रायव्हर नाही रे," आईने फटीला सांगितलं.

पलीकडे पावलं धडधडत खाली गेली आणि वर आली. उंबरा जिथे मधोमध झिजला होता, तिथे फट रुंद होती. त्या जागेतून एक स्क्रूड्रायव्हर आत सरकला. चपटी लाकडी मूठ, मुठीवर तापल्या सळईने उमटवलेली खूण. मिस्त्रीचाच होता. तो हरवला म्हणून त्याने दुकानातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता.

"माझ्या कपाटात राहिला होता तुझा," दादा पलीकडून ओरडला. "दार लागत नाही ना, रोज समोर दिसायचा. वर आणून द्यावा तर तू दार उघडशील की नाही, कळेना."

मिस्त्रीने त्याचं टोक खाचेत बसवलं. तो स्क्रू काढत सुटला. आई काठीने दाखवायची, बायको लांबी खरवडायची, तो पिळायचा. एक निघाला की दुसरा. दमट हवेने लाकूड फुगून प्रत्येक स्क्रू असा आवळला होता की काढताना तो किंचाळत होता. वरती छप्पर उचललं जात होतं आणि बसत होतं.

"किती मारलेस रे!" दादा खांद्याने फळी ढकलत म्हणाला. मग जरा थांबून, "मी काय चोर होतो?"

"नाही रे," मिस्त्री म्हणाला. एवढंच त्याला जमलं.

शेवटचा स्क्रू सुटला आणि फळी आत कलली. पलीकडच्या पायरीवर दादा उभा होता. एकाच घरात राहून मिस्त्रीने त्याला इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. केस पार पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल नसेल, दादाने खुर्चीचे पुढचे दांडे धरलेसुद्धा.

"उचल."

दादा मिस्त्रीएवढाच उंच. त्याने पायऱ्या उतरताना दांडे आपल्या खांद्यांवर घेतले आणि खुर्ची पहिल्यांदा सरळ राहिली. आई राणीसारखी उतरली. मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं, की खुर्चीचं माप चुकलं नव्हतं, माणूस चुकला होता.

खालच्या बोळात वहिनीने सतरंजी घातली होती. खुंटीवर एक साधी कापडी पिशवी टांगलेली. पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, आणि गोळ्यांची पाकिटं, तीच जी आई वर घ्यायची. आईची जुनी उशी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पाच माणसांना पुरेल एवढी जागा मोकळी करून ठेवली होती आणि त्या घरात राहत होती फक्त दोघं.

"या, भावजी," वहिनी म्हणाली. "उशीर केलात."

तेवढ्यात बोळाच्या टोकाला, मागच्या दारावरची काच फुटली आणि वारा पाणी घेऊन आत घुसला.

"ती फळी!" दादा ओरडला.

मिस्त्री जिना चढला. तो फळीला हात घालतोय तोच पुढच्या खोलीचं छप्पर गेलं. आधी एक लांब कर्कश आवाज, मग तिथे आभाळच. पाऊस थेट आत कोसळत होता, आईच्या खुर्चीच्या रोजच्या जागेवर. मिस्त्रीने फळी कशीबशी खेचली आणि जिन्यावरून तिच्यासकट घसरत खाली आला.

दोघा भावांनी फळी मागच्या दाराला आडवी लावली आणि तिला पाठ टेकून जमिनीवर बसले, पाय फरशीवर रेटून. वारा पलीकडून धडका मारत होता. फळी हूं की चूं करत नव्हती. एकही सांधा उघडला नाही. आई उशीला टेकून डोळे मिटून होती, तिचा हात थोरल्या सुनेच्या हातात.

मग दादाने मान वळवून फळीवर बोटांनी टकटक केलं.

"काम मात्र पक्कं करतोस हं," तो म्हणाला.

हे एक वाक्य दादाच्या तोंडून ऐकायला मिस्त्रीने हयात घालवली होती. त्यासाठी नक्षीची कपाटं केली, टेबलं केली, देखण्या खुर्च्या केल्या. आणि ते मिळालं कशाबद्दल, तर दादाच्या तोंडावर ठोकलेल्या फळीबद्दल. त्याला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. पावसाचं आहे म्हणावं तर फळीने पाऊस केव्हाच बाहेर अडवला होता.

"कपाटाचं दार मी चुकवलं, दादा," तो म्हणाला. "फट सोडायला विसरलो."

"ते मला कधीच कळलं होतं. मी पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. तेही मला कधीच कळलं होतं." दादाने पाय आणखी घट्ट रेटले. "नीट धर, वारा वाढतोय."

सकाळी वारा पडला. दोघं भाऊ आतल्या जिन्याने वर गेले. भांडी, कपडे, चटया, सगळं विस्कटलं होतं, वर उघडं आभाळ. मधोमध पेटी मात्र जिथे होती तिथेच. मिस्त्रीने घाईत झाकण उघडंच टाकलं होतं. ती काठोकाठ पावसाच्या पाण्याने भरली होती, शिट्टी वर तरंगत होती, आणि बाहेर एक थेंब गळत नव्हता.

दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आला. "पाण्याची टाकी झाली की रे."

कलती करून ओतावी तर ती दोघांनाही हलेना. शेवटी दादाने खालून दोन मग आणले आणि दोघं दोन बाजूंना बसून पाणी उपसायला लागले. उन्हात जिन्याचं उघडं तोंड दिसत होतं, चौकटीवर स्क्रूची भोकं, खाली झिजलेला उंबरा.

"नवं दार करतो," मिस्त्री म्हणाला. "आधी छप्पर, मग दार."

"आधी माझं कपाट," दादा म्हणाला.

इतके दिवस आई एका मुलाला हाक मारायची आणि दुसऱ्याशी फटीत वाकून बोलायची. आता जिन्यातून तिचा आवाज खणखणीत वर आला.

"अरे पोरांनो, चहा झालाय. या खाली दोघं."

"आलो," दोघं म्हणाले आणि हातातले मग पाण्यात टाकून उठले.